तिच्या मतपत्रिकेवर माझा हात

"अक्कल आहे का तुला?" असं म्हणून मी तिच्या हातातली मतपत्रिका ओढली. तिनं सोडली नाही. कागद फाटला. मग मी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. कट् असा आवाज आला. तो मी ऐकला. तरी हात लगेच सोडला नाही.

ती माझी बायको. घर ऑस्ट्रेलियातल्या वेरिबीतलं, मुलाचं. लॉकडाउन होता आणि कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक पोस्टानं होती. मुलगा, सून, ती आणि मी, चार पाकिटं आली. इथं उमेदवारांच्या नावापुढे पसंतीचे आकडे घालतात. आमच्या घरची रीत अशी की आकडे सगळ्यांचे मी घालायचे, बाकीच्यांनी फक्त सही करायची. पुण्यात असतानाही तिनं कोणतं बटण दाबायचं ते मीच सांगायचो. इथल्या मराठी मंडळातला एक ओळखीचा निवडणुकीला उभा होता. त्याला मी फोनवर सांगून बसलो होतो, "आमच्या घरची चारही मतं तुझी."

आणि हिनं आपल्या पत्रिकेवर आधीच आकडे घातले होते. एक नंबर एका बाईला. ती बाई पार्कात सार्वजनिक टॉयलेट बांधा म्हणत होती.

"टॉयलेटसाठी मत?" मी म्हणालो.

"तुम्ही झाडामागं जाता," ती म्हणाली. "मी घरापर्यंत धरून ठेवते."

एवढ्यावर मी तिचं हाड मोडलं.

कोविडमुळे हॉस्पिटलात मला आत सोडलं नाही. मी पार्किंगमध्ये बसून राहिलो. आत फोनवरच्या दुभाष्यानं तिला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? "बाथरूममध्ये पाय घसरला," असं तिनं सांगितलं. गाडीत बसताना तिनं मला हे सांगितलं, तेव्हा मला हायसं वाटलं. तेही इथं लिहितो. त्याच आठवड्यात मुलानं बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवला. "आई, आता धरूनच आत जायचं हं." मी शेजारी उभा राहून स्क्रू देत होतो.

मग नातीची असाइनमेंट आली. शाळा ऑनलाइन, लॅपटॉप डायनिंग टेबलावर. इथल्या बायकांना मताचा हक्क देणारी बिलं आधी पार्लमेंटमध्ये का पडली? नात वाचून दाखवू लागली. खालच्या सभागृहानं पास केलं तरी वरचं पाडायचं. वर सगळे जमीनजुमलावाले पुरुष. म्हणायचे, बायको नवऱ्याचंच ऐकणार, मग वेगळं मत कशाला? आणि नाही ऐकलं तर घरात भांडणं होतील.

"म्हणजे ऐकलं तरी नको, नाही ऐकलं तरी नको," बायको म्हणाली. प्लास्टरचा हात टेबलावर होता.

"एक्झॅक्टली, आजी. सो डम. मतावरून घरात कोण मारामारी करतं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत राहिलो. त्या सभागृहातल्या माणसांनी निदान बायकोवर हात उचलल्याचं नातीच्या वहीत नव्हतं.

फाटलेल्या पत्रिकेच्या जागी सुनेनं फोन करून दुसरी मागवली. ती आली तेव्हा बायकोनं डाव्या हातानं आकडे घातले. वाकडे, मोठे. सवयीनं मी हात पुढे केला. "दाखव."

ती हळू बोलली. "हात लावलात तर या वेळी खरं सांगेन."

पाकीट तिनं जिभेनं चिकटवलं, मास्क लावला आणि पोस्टाच्या पेटीत टाकायला एकटी गेली. मी खिडकीतून पाहत होतो. बावन्न वर्षांच्या संसारात मला तिची भीती पहिल्यांदा वाटली.

तिचं मनगट आजही वाकडं आहे. लोक विचारतात, मी बाथरूमची गोष्ट सांगतो. मंडळात म्हाताऱ्यांना सल्लाही देतो, दांडा बसवून घ्या. काल तिला म्हणालो, सगळ्यांसमोर खरं सांगू का? "मला विचारू नका," ती म्हणाली. "मोडताना विचारलं नव्हतंत."

मी माफी मागणार नाही. मागितली तर तिला पुन्हा माझ्याच सोयीचं काही बोलावं लागेल. रविवारी सगळे जेवायला बसतील. मुलगा, सून, नात. त्यांच्यापुढे हा कागद वाचेन. नंतर ते मला या घरात ठेवतील की नाही, ते ती ठरवेल. सुरुवात मी अशी करणार आहे: त्या दिवशी बाथरूमची फरशी कोरडी होती.