तीनदा टकटक

अरुणा कर्णिक अठ्ठावीस वर्षं इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत राहिल्या आणि त्यातली अकरा वर्षं पालींच्या सहवासात काढली. ठाण्याला असताना पाल दिसली की त्या पलंगावर चढून बसायच्या. जॉब सेंटरच्या बाईने गावाबाहेरच्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयातली साफसफाईची नोकरी सुचवली, तेव्हा ‘ट्रॉपिकल हाउस’ म्हणजे झाडंबिडं असतील असं त्यांना वाटलं. झाडं होती. झाडांवर पाली होत्या.

हिरव्यागार, पाठीवर लाल ठिपके. हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत, आणि झाड सोडून सहसा खाली उतरत नाहीत. हे शेवटचं अरुणाबाईंना फार आवडलं. जमीन बाईंची, झाडं पालींची, अशी वाटणी झाली आणि ती कोणी मोडली नाही.

२००७च्या हिवाळ्यात मॅनेजरने सांगितलं की मार्चमध्ये हे हाउस बंद होणार. अरुणाबाई एकोणसाठ वर्षांच्या होत्या, दुसरीकडे त्यांना कोणी घेणार नव्हतं.

तारणहार म्हणून आली अक्षरा. जन्म लंडनच्या हॅरोचा, मराठी मोडकंतोडकं, पीएचडी पालींवर. तिने पानांत रेकॉर्डर लपवून ठेवला होता आणि त्यातून एक शोध लागला: नर चुकचुकला की मादी लगेच तीनदा टकटक करून उत्तर देते. असं आजवर कोणी नोंदवलं नव्हतं. शोध खरा ठरला तर हाउस आणखी तीन वर्षं चालू ठेवू, असं मॅनेजर म्हणाला.

अक्षराने ते रेकॉर्डिंग अरुणाबाईंना जेवणाच्या सुट्टीत ऐकवलं. चुकचुक. टक, टक, टक. मागे एक पुसटशी पुटपुट होती, ती पाण्याच्या पंपाचा आवाज म्हणून अक्षराने सोडून दिली होती. अरुणाबाईंना ती स्वच्छ ऐकू आली. ‘कृष्ण कृष्ण.’ त्यांनी पोह्यांचा डबा बंद केला.

आपण काही बोलत असताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं असतं. मग बोटाने तीनदा टकटक करायची आणि देवाचं नाव घ्यायचं. ही सवय त्यांना आईने लावली होती. अरुणाबाई फरशी पुसताना स्वतःशी अखंड बोलायच्या, त्यामुळे पालीला खरं म्हणायला कामाची कमतरता नव्हती. टकटक मॉपच्या लाकडी दांड्यावर व्हायची.

चार दिवस त्या गप्प राहिल्या. पोरीला फसवतोय याची लाज वाटत होती आणि नोकरीही सोडवत नव्हती. शुक्रवारी अक्षराने झाडाखाली उभं राहून विचारलं, “मावशी, फक्त चेक करते. इथे कोणी टॅप करतो का? ग्लासवर, किंवा कुठे पण?”

“नाही गं,” अरुणाबाई म्हणाल्या. “इथे कोण करणार?”

वर नर चुकचुकला.

बोट आपोआप दांड्यावर तीनदा वाजलं. दुसऱ्या कृष्णाला अरुणाबाईंनी तोंड मिटलं, पण तोवर उशीर झाला होता.

अक्षराने मॉपकडे पाहिलं. “माझा आजी असं करायचा,” ती म्हणाली. “फ्रिज नॉइज करायचा तेव्हा. आम्हाला वाटायचं, मेडिकल काहीतरी आहे.”

अक्षराने शोध मागे घेतला. अरुणाबाईंना लागेल असा एक शब्दही ती बोलली नाही, आणि त्यामुळे त्यांना जास्तच लागलं. मार्चमध्ये हाउस बंद झालं, पाली दुसऱ्या प्राणिसंग्रहालयात गेल्या, अरुणाबाई घरी बसल्या.

जूनमध्ये अक्षराचा फोन आला. नव्या जागी नर चुकचुकतच नव्हता. दिवे बदलले, खाणं बदललं, तीन महिने आवाज नाही. तिथल्या लोकांनी विचारलंय, आठवड्यातून तीन दिवस याल का.

“त्याला तिथे कोणी उत्तर देत नसेल,” अरुणाबाई म्हणाल्या. मग त्यांनी तिथला मॉप कसला आहे ते विचारलं.

“प्लास्टिकची आहे.”

“मग माझा घेऊन येते.”