एक अक्षरही बदलू नका

माझ्या मुलीचा लेख छापून आला तेव्हा तिला जाऊन सव्वा महिना झाला होता. पावसाळ्यात ताप आला, दोन दिवसांत उतरला असं वाटलं, आणि नवव्या दिवशी ती गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही. लेखाबद्दल लिहिते.

ती नाशिकला पीएच.डी. करत होती. मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करते. हंगामात आम्ही बायका गार खोलीत दिवसभर उभ्या राहून घड निवडतो, खराब मणी कात्रीने काढतो, घड डब्यात भरतो. तिने आमच्यावरच लिहायचं ठरवलं आणि दोन हंगाम आमच्यात येऊन उभी राहिली. बोटं कधी आखडायला लागतात, बायका दुपारनंतर पाणी का पीत नाहीत, घरी गेल्यावर कणीक मळवते का, हे ती एकेकीला विचारायची. मला तिथे उभं राहायची लाज वाटायची.

"असलं काय लिहायचं असतं?" मी तिला म्हणाले.

"आई, हेच कुणी लिहिलेलं नाही."

आमच्यात सगळ्यांत बोलकी आक्का. ती माझ्या शेजारच्या टेबलावर असते. एकदा ती माझ्या मुलीला म्हणाली, "ए डॉक्टरीणबाई, आमचं लिहून तू पास व्हशील. आमच्या हाती काय?"

"आक्का, मराठीत करून देईन. तुम्हाला सगळ्यांना बसवून वाचून दाखवीन."

"बघ हां. नायतर मुकादमाला सांगून तुला गेटावरच अडविते."

सगळ्या हसल्या. पण शब्द दिला गेला होता.

ती गेल्यावर तिच्या पीएच.डी.च्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्या गंगापूर रोडला राहतात. त्यांनी कॉम्प्युटरवर लेख उघडून दाखवला. वर माझ्या मुलीचं नाव होतं, खाली आठ-दहा ओळी, आणि मग पुढचं वाचायला मासिक पैसे मागत होतं. मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी अक्षरं ओळखते, शब्द लागत नाही. तिचं नाव तेवढं वाचता आलं.

मॅडम म्हणाल्या, "छापलेल्या लेखाचे हक्क तिने मासिकाला सही करून दिले होते. तसंच करावं लागतं बहुतेकांना. पण त्यांच्याकडे पाठवण्याआधी तिने जे लिहिलं होतं, तो खर्डा अजून तिचाच आहे. म्हणजे आता तुम्हा आई-वडिलांचा. तो विद्यापीठाच्या इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवला तर कुणालाही फुकट वाचता येईल. मासिकाची त्याला हरकत नाही. फक्त कोणत्या अटींवर ठेवायचा, ते तुम्ही सांगायचं."

अटी त्यांनी समजावून सांगितल्या. लेख वापरणाऱ्याने तिचं नाव द्यायचंच, ते पक्कं. कुणी विकला तर चालेल का? कुणी त्यात बदल केले तर चालतील का?

मोठ्या माणसांपुढे मला बोलता येत नाही. पण त्या दिवशी मी मॅडमना म्हणाले, "एक अक्षरही बदलू नका."

"ताई, पुढे कुणाला जर..."

"नको."

त्यांनी तसा कागद करून दिला. त्या दिवसांत तिच्या मोबाइलमधला साडेपाचचा गजरसुद्धा मी कुणाला बंद करू देत नव्हते. घरी आल्यावर तिच्या वडिलांनी कागदावर सही केली. ते टेम्पो चालवतात. "तुला पटलंय ना? मग झालं," एवढंच म्हणाले.

पुढे हंगाम सुरू झाला, मी कामावर गेले. आक्का महिनाभर काही बोलली नाही. तिला गप्प राहणं किती जड जात असेल ते मला कळत होतं. एक दिवस डबा खाताना ती हळूच म्हणाली, "बाई, रागाऊ नको. पोरीनं वाचून दाखवीन म्हणून कबूल केलं होतं. ती नाय, पन कागद तर हाय ना?"

मी संध्याकाळी मॅडमना फोन केला. म्हटलं, लेख मराठीत करून हवाय, छापून बायकांना द्यायचाय.

मॅडम म्हणाल्या, "ताई, भाषांतर म्हणजेही बदलच धरतात. तुम्ही बदल नको म्हणाला होतात. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुमच्याकडे बघून मला बोलवेना."

"मराठीत आणायचा तो बदल कसा? तिने आमच्याकडून ऐकलं ते मराठीतच ना?"

कायद्यात तसंच आहे, म्हणाल्या. मला एवढंच कळलं की तिने दिलेला शब्द मीच अडवून ठेवला होता.

मॅडमनी धीर दिला. म्हणाल्या, "दिलेली मोकळीक मागे घेता येत नाही, पण वाढवता येते. फक्त या एका भाषांतरापुरती परवानगी द्या, किंवा सगळ्यांना द्या. सगळ्यांना दिलीत तर कुणीही भाषांतर करेल, कापेल, जोडेल. तिचं नाव राहील आणि बदल केलाय हे त्यांना लिहावं लागेल. पण ते तुमच्या मनासारखं होईल असं मी सांगू शकत नाही."

"एकापुरती दिली तर पुढच्या वेळी?"

"पुढच्याने पुन्हा तुम्हाला विचारायचं."

मी दोन रात्री विचार केला. आम्हाला ती एकटीच होती. आमच्यामागे कुणाला विचारणार? मी मॅडमना सांगितलं, सगळ्यांना द्या. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

मॅडमच्या एका विद्यार्थिनीने लेख मराठीत केला. सुट्टीच्या दिवशी ती पिंपळगावला आली. आक्काच्या ओट्यावर आम्ही चौदाजणी बसलो. ती मुलगी चांगली होती, पण तिचं मराठी पेपरातल्यासारखं होतं. "दीर्घकाळ शीत वातावरणात उभे राहिल्यामुळे..."

"हे आमचंच हाय का?" आक्काने विचारलं आणि सगळ्या हसल्या. ती मुलगी लाल झाली.

मग आक्काचं बोलणं आलं. "एका कामगार महिलेने सांगितले, सायंकाळपर्यंत माझी बोटे काष्ठवत होतात."

"मी? मी असं कुठं म्हणले? मी म्हणले, बोटांची लाकडं व्हत्यात. भाकर थापाया घेतली की भाकरच मला थापती."

मुलीने पेन काढलं, आधीचं खोडलं आणि आक्का म्हणाली तसं लिहिलं. मग दुसरी म्हणाली, माझंबी वाच. तिचंही खोडलं. तिसरीचंही. बायका रंगात आल्या. माझी मुलगी असती तर तीही त्यांच्यात बसून हेच करत असती, हे मला दिसत होतं. तरी दर वेळी पेनाची रेघ ओढली की खोडलेला शब्द मी वाकून वाचून घ्यायचे. त्या कागदात मी तिचा आवाज शोधत होते. इंग्रजीत तो मला ऐकू येत नव्हता, आणि मराठीत दुसरीच कुणी बोलत होती.

"काकू, यात तुमचं कुठलं?" मुलीने मला विचारलं.

माझं त्यात काहीच नव्हतं. माझ्या मुलीने मला दोनतीनदा विचारलं होतं, घरी, जेवताना. आईचं काय लिहायचंय, म्हणून मी दर वेळी उठून भांडी घासायला गेले होते. तिने आयुष्यात एकच लेख लिहिला, तोही माझ्याच कामावर, आणि मी त्यात नाही.

"आता सांग की," आक्का म्हणाली. "पोरी, घे लिहून हिचं. आता चालतंय ना बदल केलेलं?"

"चालतंय," मुलगी म्हणाली आणि पेन धरून थांबली.

मी मान हलवून नको म्हणाले. मला सांगायचं होतं ते माझ्या मुलीला. विद्यार्थिनीने पान उलटलं आणि ती पुढचं वाचायला लागली.