भिंतीपलीकडचा पंप

सकाळी आमच्या घरात कुणाला कुणाचं ऐकायला सवड नसते. धाकटीचा एक मोजा सापडत नव्हता, ह्यांची इस्त्री चालली होती, सासूबाईंचा चहा निवला होता, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस आमच्या मजल्यावर एकच, शेजारचे भट्टीवाले भाऊ. आपल्या आवाजाने कुणाची तरी झोप मोडेल, ही धास्ती त्यांना दिवसाढवळ्याही असते.

दार उघडलं, तर उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी.

"अगंबाई! हे काय झालं?"

"भट्टीपाशी डुलकी लागली, वहिनी. तापलेल्या दारावर हात पडला. पाव जळाले ते वेगळंच. मालक म्हणाला, आणखी एकदा असं झालं तर दुसरीकडे काम बघ."

डुलकी का लागली, ते मला ठाऊक होतं.

भाऊ मिसरूड फुटायच्या आधीपासून बेकरीत रात्रपाळी करतात. उजाडल्यावर परततात तेव्हा चपला हातात घेऊन जिना चढतात. बायको कपड्यांच्या लॉन्ड्रीत दिवसपाळीला. किल्ली देता-घेता जिन्यातच दोघांची भेट. "आमचा निम्मा संसार जिन्यात झाला," असं ते हसून सांगतात. मग दुपारपर्यंत झोप. त्यांची खाट ज्या भिंतीला टेकलेली, तिच्याच अलीकडे आमचा फिशटँक. खोली एवढीशी, की खाट दुसरीकडे लावली तर दार उघडत नाही.

टँक आला तेव्हा काही त्रास नव्हता. पाच मासे आणि पाणी गाळणारा फिल्टर, तोही मुका. पण थोड्याच दिवसांत मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. हे दुकानात धावले आणि हवेचा पंप घेऊन आले. मासे सुधारले आणि भाऊंची झोप उडाली. तो पंप टेबलावर ठेवला तर टेबल घुमतं, स्पंजवर ठेवला तर भिंत. भाऊंनी कानात कापूस घालून पाहिला. "कापसाने आवाज कमी होतो हो, पण तो दातांत येतो," म्हणाले. आम्ही दोन-चारदा पंप बंद करूनही पाहिला. मासे लगेच वर!

मग गेल्या महिन्यात आम्ही बाहेरगावी गेलो. परत आलो तर पंपाचं बटण चुकून बंदच राहिलेलं. धाकटी रडायच्या बेतात. पण मासे मजेत, अगदी तळाशी हुंदडत होते. पाणी तेवढं आटून दोन बोटं खाली गेलं होतं आणि फिल्टरची धार वरून पडत होती. सगळं पाणी वर हलत होतं. सासूबाईंनी हातपाय धुवायच्या आधी टँक पुन्हा काठोकाठ भरला. अर्धवट भरलेलं भांडं त्यांना बघवत नाही, मग ते माठ असो की टँक. धारेचं तोंड बुडालं, पाणी आरशासारखं स्तब्ध झालं, आणि संध्याकाळी मासे वर.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाचूनही पाहिलं. हवा पाण्यात शिरते ती मुख्यतः वरून, पाणी हलतं तिथून. पंपाचे बुडबुडेही ते हलवण्याचंच काम करतात. पाणी दोन बोटं कमी ठेवलं तर आमच्या पाच माशांना फिल्टर पुरेसा होता. हे मी घरात सांगितलं. कुणी ऐकेल तर शपथ! सांगून सांगून मी हात टेकले.

आज मात्र मी भाऊंना आत बोलावलं. न्हाणीतला मग आणून त्यांच्यासमोर टँकमधलं पाणी उपसलं. धार वाजायला लागली. पंप बंद केला.

शांत. भाऊंनी डोळेच मिटले.

"पंप कुणी बंद केला?" हे इस्त्री सोडून आले.

"मी. पाणी बघा, हलतंय."

"तुला काय कळतं? दुकानदार म्हणतो, पंप पाहिजेच."

"पंप विकतो तो. दुसरं काय म्हणेल?"

"आणि हे पाणी कुणी काढलं?" सासूबाई. "भिकाऱ्याच्या घरातल्यासारखं दिसतंय! आण गं तांब्या."

"आई, थांबा ना! आधी मासे तर बघा."

"मासे मेले तर धाकटीला तू तोंड दाखव," ह्यांचा हात बटणाकडे गेला. "भाऊ, तुम्हीच सांगा, जिवाला ऑक्सिजन नको?"

"बुडबुड्यांतून येतो तो," सासूबाई म्हणाल्या.

"नाही येत!" मी.

पंप पुन्हा घरघरायला लागला. भाऊंनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"पुरे!" ते म्हणाले. ह्यांचा हात बटणावरच राहिला. "ऑक्सिजन कुठून येतो ते तुम्ही नंतर ठरवा. पाणी भरा, उपसा, मला त्यातलं काही कळत नाही. मी रात्रभर उभा असतो, दादा. सकाळी मी आलो की दुपारपर्यंत तेवढा हा पंप बंद ठेवा. मला झोपायचंय."