चार वर्षांची मुदतवाढ

"मी काढणार नाही म्हणजे नाही. ज्यांनी लावल्यात त्यांनीच येऊन काढाव्यात."

"वेंडेल, तासाभरात चर्च भरेल. अख्खं गाव या रस्त्यानं जाणार आहे."

"जाऊ दे की. गावानंच तर लावल्यात."

"अरे, त्यातली एक माझ्या आत्तेभावाच्या एजन्सीची आहे! खाली त्याचा नंबर छापलाय. लोक खरंच फोन करतील त्याला."

"मग विचार त्याला, किती येतील आपल्या घराचे."

डोरीन श्रागनं पुढं काही ऐकून घेतलं नाही. झोपायच्या गाऊनवर कोट चढवला, पायात नवऱ्याचे बूट घातले आणि ती अंगणात उतरली. 'घर विकणे आहे' अशा सात पाट्या हिरवळीवर रात्रीतून रोवलेल्या होत्या. ती एकेक उपटायला लागली तशी सासूबाईंनी वरची खिडकी उघडली.

"हलवून हलवून काढ गं! गवत उपटतंय सगळं."

"आई, खिडकी लावा. थंडी आत येतेय."

आमच्या हिलगार्टमध्ये संघ फार हरायला लागला की कोचच्या दारात अशा पाट्या येतात. पण कर्टिस बॉइड, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, चेंडू हातात घेऊन धडका देत खेळतात त्या खेळाचा कोच, हायवेजवळच्या भाड्याच्या घरात राहायचा आणि त्या घराला अंगण नव्हतं. म्हणून पाट्या त्याला आणणाऱ्याच्या दारात आल्या. वेंडेल श्राग हिलगार्ट कॉलेजचा क्रीडा संचालक होता. नऊ सामन्यांतले सात गेले होते, आणि शनिवारचा शेजारच्या कॉलेजविरुद्धचा तर एक्केचाळीस-तीन असा गेला होता.

वेंडेल गव्हाच्या शेतात वाढलेला, कुस्ती खेळून शिकलेला. मॅटवर घासून चुरगळलेले कान सत्तावन्नाव्या वर्षीही तसेच होते. आधी शाळेत पीटीचा मास्तर, मग कॉलेजात कुस्तीचा कोच, आणि अकरा वर्षांपूर्वी संचालक. गावाला वाटायचं, या माणसाला फुकट तिकिटावर सामने बघायचा पगार मिळतो. खरं काम निराळंच होतं. माणसं नेमायची आणि पैसे वाटायचे. कोणाला बस, कोणाला नवे मॅट, कोणाचं धुण्याचं मशीन आधी दुरुस्त करायचं.

अकरा वर्षांत त्यानं सतरा कोच नेमले. व्हॉलीबॉलसाठी आणलेल्या बाईचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. तिच्या मुली तीनदा राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आल्या. तेव्हा लोक म्हणाले, पोरींनी फार मेहनत केली. फुटबॉल हरला तेव्हा मात्र पोरांनी मेहनत केली नाही असं कोणी म्हटलं नाही. लोकांनी विचारलं, हा कोच आणला कोणी?

खर्चाचंही तसंच. मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीत चाळीस जणींत गरम पाण्याचे दोन शॉवर होते. वेंडेलनं सगळे नळ बदलून घेतले. नळ भिंतीच्या आत गेले, ते कोणाला दिसले नाहीत. दिसला तो मैदानातला जुना, अर्धे दिवे गेलेला गुणफलक. गेल्या वर्षी त्यानं जोसलिन नावाची दुसरी फिजिओ पूर्ण पगारावर घेतली, तेव्हा तर गावानं तोंडात बोटं घातली. बर्फाच्या पिशव्या वाटायला पूर्ण पगार?

तर सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे बोलिंगच्या हॉलमध्ये पाठीराख्यांच्या मंडळाची न्याहारी झाली. शनिवारचा सामना पडद्यावर लावायचा, कोचनं उभं राहून समजावून सांगायचं आणि बाकीच्यांनी अंडी खात त्याच्याकडं बघायचं, अशी पद्धत. क्रीडा संचालकाला चुकवून चालत नाही.

"वेंडेल, त्या बर्फवाल्या बाईंना खेळवून बघ एखादा सामना," मागून कोणीतरी म्हणालं.

"पगार पूर्ण आहे, पळेल पण पूर्ण!"

लोक हसले. बॉइड रिमोट हातात धरून उभा राहिला. वेंडेलनं कॉफी संपवली.

मंगळवारी रोलंड पेनर त्याच्या ऑफिसात आला. पेनरचा बियाण्यांचा आणि खतांचा धंदा. त्याच्या देणगीमुळं मैदानावरच्या पत्रकारांच्या खोलीवर त्याचं नाव आहे. दोघं पहिलीपासून एका वर्गातले.

"बॉइडच्या कराराची किती वर्षं उरलीत?" पेनरनं बसता बसताच विचारलं.

"दोन."

"दोन वर्षांचा पगार मी भरतो. तू त्याला रविवारच्या आत मोकळा कर. माझ्या जावयाचा भाऊ आहे, गार्थ. शाळेचा संघ चालवतो, दोनदा राज्यात पहिला आला. तो येईल. आणि ती दुसरी फिजिओ कमी कर, म्हणजे गार्थला एक मदतनीस घेता येईल."

"रोलंड, चार वर्षांची मुदतवाढ दे म्हणून ओरडलं कोण होतं?"

"मी ओरडलो. सही तू केलीस."

हे खरं होतं. दोन वर्षांपूर्वी बॉइडच्या संघानं नऊ सामने जिंकले. डिसेंबरच्या मेजवानीत पेनर खुर्चीवर उभा राहिला आणि म्हणाला, दुसरं कॉलेज पळवून नेईल, त्याच्या आत या माणसाला बांधून ठेवा. लोक जमिनीवर पाय आपटायला लागले. वकिलाकडून नवा करार यायचा होता. ऑफिसमधल्या बाईंनी कपाटातला जुना, दोन पानी छापील करार आणून दिला आणि वेंडेलनं तिथंच, स्टेजवर, केकच्या शेजारी सही केली. गैरवागणुकीसाठी पगार न देता काढता येईल, हे कलम नव्या करारात होतं. जुन्यात नव्हतं. पण त्या संध्याकाळी सगळा हॉल उभा राहिला होता, आणि अकरा वर्षांत वेंडेलसाठी तेवढ्याच टाळ्या वाजल्या होत्या.

"रविवारी सांगतो," तो पेनरला म्हणाला.

घरी त्यानं हे सांगितलं तेव्हा डोरीन बटाटे सोलत होती. ती दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलं खोटं बोलत असली की तिला पाठमोरी असतानाही कळतं.

"काय करणार आहेस?"

"बॉइडला अजून एक वर्ष द्यायला हवं. पोरं नवीन आहेत. कोणाच्या पैशांवर कोच काढायचा नसतो."

"दुसरं बरोबर आहे. पहिलं मला पटत नाही. मागच्या वर्षीसुद्धा तू हेच म्हणालास."

"म्हणजे?"

"तू बॉइडला सांभाळत नाहीयेस, वेंडेल. तू तुझी सही सांभाळतोयस."

वेंडेल उठला आणि मांडून ठेवलेल्या स्वच्छ ताटल्याच धुवायला लागला. दोन दिवस दोघं एकमेकांशी मीठ दे, किल्ली कुठंय, एवढंच बोलली.

गुरुवारी जेवायला चिली होती. खिम्याची, बीन्स घातलेली, आणि बरोबर दालचिनीचे गोड रोल. वेंडेलची आई एल्डा चौऱ्याऐंशीची. तिला रोल चिलीत बुडवून खायला आवडतो आणि बोलायला त्याहून जास्त. आठवड्यातून एकदा, बुधवारी, ती घडीची खुर्ची घेऊन सरावाच्या मैदानाच्या कुंपणाशी बसते. चर्चमधल्या मैत्रिणींची नातवंडं खेळतात, त्यांच्या बातम्या तिला पुरवायच्या असतात.

"रेम्पेलांचा कोडी बरा झाला वाटतं," ती म्हणाली.

"नाही गं. डोकं आपटलंय त्याचं. अजून आठवडाभर तरी नाही."

"मग काल पिवळ्यात का नव्हता?"

वेंडेलचा चमचा थांबला. दुखापत झालेल्या मुलानं सरावात पिवळी जर्सी घालायची, म्हणजे त्याला कोणी धडक देत नाही. हा नियम सगळ्या संघांना आहे, आणि वेंडेल कुस्तीचा कोच होता तेव्हापासून एल्डाला तो माहीत आहे.

"तुला नीट दिसलं? दुसरा कोणी असेल."

"बावीस नंबर. मी त्याच्या आजीला फोन करून सांगितलंसुद्धा, की चांगला पळतोय म्हणून. दोनदा खाली पाडला त्याला, दोन्ही वेळा उठला."

डोरीननं नवऱ्याकडं बघितलं. वेंडेलनं उरलेली चिली खाल्ली, पण रोलला हात लावला नाही.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता तो जोसलिनच्या खोलीत गेला. ती पट्ट्यांची रिळं लावून ठेवत होती.

"कोडी रेम्पेलला खेळायची परवानगी तू दिलीस?"

ती उभी राहिली. "नाही. तिन्ही चाचण्यांत तो नापास झालाय. मंगळवारी त्याला महिन्यांची नावं उलटी सांगता आली नाहीत."

"मग परवा त्याची पिवळी जर्सी कोणी काढली?"

"कोच बॉइडनी. मी त्यांना म्हटलं, चालणार नाही. ते म्हणाले, श्रागसाहेबांना माहीत आहे."

"आणि तू मला विचारलं नाहीस."

जोसलिननं हातातलं रीळ फळीवर ठेवलं. "मिस्टर श्राग, सोमवारच्या न्याहारीला माझ्यावर काय बोलतात, ते मला कळतं. तुम्ही माझ्यासाठी गावाशी भांडताय. त्यात मी कोचची तक्रार घेऊन यायची? मला वाटलं, माझी जागा वाचवायला तुम्हीच हे कबूल केलं असेल."

वेंडेलनं तिच्याकडून चाचण्यांचे कागद घेतले, कोडीला घरी पाठवायला सांगितलं आणि तो बॉइडकडं गेला.

बॉइडनं नाकारलं नाही. छत्तीस वर्षांचा, दोन लहान मुलांचा बाप; गेल्या महिन्याभरात चेहरा उतरलेला.

"पोरगाच रडत होता, खेळू द्या म्हणून. त्याच्या बापानं फोन केला. मी काय करणार होतो?"

"नाही म्हणायचं होतंस."

"आणि उद्याचा सामना? वेंडेल, तो नसला तर आम्ही उद्या पन्नासनं हरतो. तुमच्या दारात पाट्या लागल्या, माझ्या बायकोला दुकानात लोक बोलतात. मी आपल्या दोघांसाठी करत होतो."

"माझं नाव का घेतलंस?"

"तिनं ऐकलं नसतं नाहीतर."

भिंतीवर नऊ सामने जिंकलेल्या त्या संघाचा फोटो होता. कोडी उद्या खेळणार नाही, एवढंच सांगून वेंडेल निघाला.

मग तो कॉलेजच्या अध्यक्षबाईंकडं गेला आणि तिथं दोन तास बसला. गैरवागणुकीसाठी काढायला करारात कलमच नव्हतं. तरी प्रयत्न केला असता तर चौकशी झाली असती, चौकशीत जोसलिनला उभं राहावं लागलं असतं, आणि कोडीच्या डोक्याची तपासणी चव्हाट्यावर आली असती. मुलाच्या आजाराचं कॉलेजला बाहेर बोलता येत नाही. रेम्पेल मंडळी तर अजिबात बोलणार नव्हती. बापानंच फोन केला होता. म्हणजे काढायचं तर करार मोडून, पूर्ण पैसे मोजून काढायचं. आणि बाहेर सांगायचं काय, तर संघ हरतो म्हणून. गाव म्हणणार, अखेर वाकला. पेनर म्हणणार, मीच वाकवला. पैसे पेनरचे नसले तरी म्हणणार.

आणि काढलं नाही तर गाव कदाचित म्हणालं असतं, माणूस शब्दाचा पक्का आहे.

संध्याकाळी साडेसहाला तो घरी आला. त्यानं बूट दारात काढले, हात धुतले आणि जेवणाच्या टेबलाशी आपल्या जागी बसला. एल्डानं प्रार्थना म्हटली. डोरीननं त्याच्या ताटात बटाटे वाढले.

"सोमवारी सकाळी बॉइडला काढतोय," तो म्हणाला.

एल्डा म्हणाली, "मी काल बोलले म्हणून?"

"तू पाहिलंस म्हणून. आणि आई, कोडीबद्दल आता कोणाला काही सांगायचं नाही. त्याच्या आजीलासुद्धा नाही."

"तिला तर मी चांगलंच सांगितलं होतं," एल्डा पुटपुटली. मग तिनं मान हलवली. "नाही सांगत."

"पेनरचे पैसे?" डोरीननं विचारलं.

"नाही घेणार. पुढचा कोच मीच निवडणार, तोवर मला कामावर ठेवलं तर. जोसलिन राहणार आहे."

"लोक काय म्हणतील, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे. तू कारण सांगायचं नाहीस. शाळेतसुद्धा नाही."

"मी कशाला सांगू." ती क्षणभर थांबली. "मग पैसे कुठून आणणार?"

"माझ्या हाताखालच्या सहायकाची जागा जुलैत रिकामी होतेय, ती दोन वर्षं भरायची नाही. त्याचंही काम मी करणार. बाकीच्यासाठी माझा पगार दहा टक्क्यांनी कमी. चुकीच्या कागदावर सही मीच केली होती. अध्यक्षबाईंना लिहून देऊन आलोय."

डोरीननं ताट खाली ठेवलं. "विचारायचंस तरी."

"आता सांगतोय. जानेवारीपासून कमी येणार. स्वयंपाकघर नवं करायचं ठरवलं होतं, ते पुढच्या वर्षी होणार नाही."