शाबूत असल्याचा दाखला

मरणाची भीती मला कधी फारशी वाटली नाही. वाटते ती विसरण्याची. गेल्या वर्षभरात या भीतीने माझा जेवढा छळ केला तेवढा माझ्या सासूबाईंनाही कधी जमला नव्हता, आणि त्या काही कमी नव्हत्या.

नाशिक रोडच्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं कारकून होते. मुलांच्या नावनोंदणीचं जाडजूड रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. कोणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं की मी आडनाव ऐकूनच वर्ष सांगायची, मग उगाच खात्री म्हणून पान उघडायची. शिक्षक मला म्हणायचे, तुम्ही घरी जाताना रजिस्टर सोबत नेता का डोक्यात? मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

नवरा गेला तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. मूलबाळ नाही. माहेरचे आणि सासरचे हिला कोण ठेवून घेणार याची चर्चा माझ्यासमोरच करत होते, जणू मी घरातलं जुनं कपाट. तेव्हाच्या मुख्याध्यापिका भेटायला आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी ऑफिसात या. अक्षर चांगलं आहे ना?" बस, एवढंच. त्या एका वाक्यावर मी आयुष्य काढलं. पुढे जेल रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तोही त्याच पगारातून. म्हणून माझ्या मागे हा फ्लॅट शाळेला जावा, असं मी कधीचंच ठरवून टाकलं होतं.

अडचण होती ती भाच्याची. माझ्या भावाचा हा एकुलता एक मुलगा. नाशिकातच द्वारका चौकात त्याचं मोटारच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दर रविवारी माझी औषधं घेऊन येतो, नळ गळत असला तर वायसर बदलतो, गॅसची नळी तपासतो. आत्याचं घर आपल्यालाच येणार हे आमच्या नात्यात सगळ्यांनी धरूनच चाललेलं. त्याची बायको एकदा हॉलच्या खिडकीची मापं घेताना मी पाहिली होती. पडद्यासाठी म्हणाली. त्याला सांगायचं कसं? तो चिडून यायचा बंद झाला तर माझं आहे कोण? आणि मी गेल्यावर कोर्टात जाऊन म्हणाला, आत्याला भ्रम झाला होता, तर?

कारण भ्रम नव्हता, पण विसर पडायला लागला होता. रेशनकार्ड तांदळाच्या डब्यात सापडलं. बिटको चौकात रिक्षातून उतरले आणि कशाला आलेय तेच आठवेना, शेवटी उगाच कोथिंबीर घेऊन परतले. भाजीबाजारात एक बाई भर रस्त्यात वाकून पाया पडली, "मॅडम, ओळखलंत का?" मी हसून हो म्हटलं. आडनाव सांगितलं तिने, तरी माझ्या डोक्यातलं पान कोरंच. घरी येऊन मी देवासमोर बसून रडले. मग डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाई तरुण, पण कामाला चोख. म्हणाल्या, "आजी, तुमचं वय बघता मृत्युपत्रासोबत डॉक्टरांचा दाखला जोडू. मन शाबूत आहे, काय लिहिलंय ते कळतंय, असा. मग उद्या कोणी बोट दाखवायला नको."

जन्मभर मी लोकांना दाखले दिले, आणि आता एका दाखल्यासाठी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मी चक्क अभ्यास केला. वार, तारीख, तिथी, महिना. शंभरातून सात वजा करत उलटं मोजायचं, असं खालच्या मजल्यावरच्या काकांनी सांगितलं होतं. ते नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, माझे एक साक्षीदार. भांडी घासताना मी त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत बसायची. पंचाहत्तर वर्षांची बाई घोकंपट्टी करतेय. कोणी पाहिलं असतं तर तेवढ्यावरच वेडी ठरवली असती.

डॉक्टरांच्या खोलीत मी आधार कार्ड टेबलावर ठेवलं आणि बसले. त्यांनी तीन शब्द दिले. "हे लक्षात ठेवा, मी शेवटी विचारीन." मग वार विचारला, सांगितला. कशासाठी आलात विचारलं, घर कोणाला देताय विचारलं, तेही नीट सांगितलं. मग अगदी सहज म्हणाले, "जन्मतारीख?"

आणि घाबरल्यामुळे मी आई सांगायची तेच बोलून गेले. "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी."

डॉक्टरांनी आधार कार्ड हातात घेतलं. "इथे तर एक जून आहे, आजी."

संपलं, म्हटलं. आता हे लिहिणार, जन्मतारीख सांगता येत नाही. त्यांचं पेन कागदावर टेकलेलं मला दिसत होतं. मी खुर्चीतून उठलेच. "अहो थांबा, लिहू नका. एक जून ही गुरुजींची तारीख आहे." आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन मी डावा कान पकडून दाखवला. आमच्या मनमाडच्या शाळेत गुरुजींनी मला असंच उभं केलं होतं. हात कानाला पोचला म्हणजे सहा वर्षं पूर्ण. जन्माचा दाखला कोणाकडेच नसायचा, मग शाळा सुरू होते त्या जूनची एक तारीख टाकायची. सगळ्यांना तीच. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एका दिवशी. नोकरीत आल्यावर जुन्या रजिस्टरात पानंच्या पानं एक जूनची मी स्वतः पाहिली होती.

डॉक्टर हसायला लागले. "आमच्या वडिलांचाही एक जूनच आहे. बसा, बसा."

जिवात जीव आला. पण त्या गडबडीत ते तीन शब्द. आंबा आठवला. कुलूप आठवलं. तिसरा काही येईना. मी छताकडे पाहिलं, पदराशी चाळा केला. डॉक्टर म्हणाले, "दोन आले, ठीक आहे. व्यवहार तुम्हाला पक्का कळतोय." सही केली. तो तिसरा शब्द मला अजूनही आठवलेला नाही.

त्याच आठवड्यात सह्या झाल्या, अंगठा झाला, नोंदणी झाली. उरला फक्त भाचा.

रविवारी तो आला. मी चहा केला, त्याच्यासमोर बसले. वाक्यं पाठ केली होती, सगळी म्हटली. मुख्याध्यापिका, नोकरी, फ्लॅट, शाळा. "तुला राग येणार हे माहीत आहे मला. पण तू यायचं बंद करू नकोस रे."

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, हे तू मला सांगितलंयस."

"कधी?"

"दिवाळीत. मग संक्रांतीला परत."

"काय सांगितलं होतं?"

"हेच. याच खुर्चीत बसून."

"आणि तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुझ्या कष्टाचं घर आहे, तुला वाटेल त्याला दे. मी काय घरासाठी येतो का?"

"मग मी?"

"रडलीस. म्हणालीस, आता सुटले बाई एकदाची. दोन्ही वेळा."

म्हणजे तो होकार मला दोनदा मिळाला होता आणि दोनदा मी तो हरवला होता. सुटकेचा एक क्षणही डोक्यात उरला नव्हता. भीती तेवढी जशीच्या तशी राहिली होती, एकाही दिवसाचा खाडा न करता. याला सगळं माहीत होतं. आत्याला विसर पडतो हे कोर्टात सांगायला यापेक्षा मोठा पुरावा कोणाकडे असणार? आणि हा आपला दर रविवारी येऊन माझं तेच तेच ऐकून घेत होता, नळ दुरुस्त करत होता.

मी त्याला वही दिली. म्हटलं, लिहून दे, नाहीतर मी तुला पुन्हा सांगत बसेन. त्याने लिहिलं, "आत्या, तू मला सांगितलं आहेस. मी हो म्हटलं आहे." खाली तारीख घालायला लावली.

तो कागद मी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय. रोज साडी काढताना धडधड सुरू होते, भाच्याला अजून सांगायचंय. मग कागद दिसतो. पूर्ण वाचते, दोनदा. अक्षर त्याचं आहे, हे आज तरी मला ओळखू आलं.