बंद केलेला कूलर

शंकर नगरातल्या एका दुकानाबाहेर कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला आणि लॉ कॉलेजातलं जुनं चर्चासत्र आठवलं. राज्यघटनेवरचा माझा अर्धवट लेख मी वाचत होते. कूलरच्या घरघरीत माझा आवाज बुडत होता, सगळे पेंगुळले होते. मी कागद आवरू लागले, तशा निवृत्तीला आलेल्या आमच्या मॅडम उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला.

"पोट्टी बोलून राहिली ना. हं, सांग बेटा, तुले नेमकं म्हणायचं काय आहे?"

घामानं भिजत त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

आता तशी चर्चासत्रं मीच घेते. एसीचा आवाजही नसतो. तरी दिवसभर शिकवून झाल्यावर समोरची मुलगी काय वाचते आहे, ते माझ्यापर्यंत पोचत नाही.