मावशींचा मेन स्विच

जुनी सॉफ्टवेअरं सांभाळणं हा माझा धंदा. नवं काही बनवून द्या म्हणून माझ्याकडे कुणी येत नाही. ज्याने बनवलं तो दुबईला गेला, आता तुम्हीच बघा, असं म्हणत येतात.

भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातली मच्छीमार सोसायटी अशीच माझ्या गळ्यात पडली. होड्यांना डिझेलची चिठ्ठी देणारं तिचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडायचं. दिसायला भयंकर, पण चालायचं. कमिटीने नवा सर्व्हर घेतला तेव्हा मी सगळा डेटाबेस त्याच्यावर हलवला. सॉफ्टवेअर मात्र नव्या मशीनवर चालायलाच तयार नव्हतं, म्हणून ते जुन्या कॉम्प्युटरवरच ठेवलं आणि दोघांना वायरने जोडून दिलं. दुपारी सगळं झकास चाललं. चेअरमननी पेढा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. "मॅडम, डेटाबेसशी संपर्क होत नाही असं येतंय स्क्रीनवर. इकडे भरती चढतेय आणि नाखवे माझ्या डोक्यावर बसलेत."

चिठ्ठीशिवाय डिझेल नाही, आणि पाणी उतरलं की होडी खाडीच्या चिखलात बसते. पूर्वेला इंद्रलोकमधल्या घरून रिक्षा करून मी धडपडत पोचले. पासवर्ड बरोबर, पत्ता बरोबर, वायर जागच्या जागी. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं, तर शहाण्यासारखं जोडलं गेलं. मला असल्या आपोआप बरं होणाऱ्या दुखण्यांचा मनस्वी राग येतो. ती परत येतात.

परत आलंच. रोज सकाळी बंद, मी हात लावला की चालू. मी फायरवॉल तपासली, पासवर्ड बदलला, नेटवर्कचं कार्ड बदललं. कमिटीला तोवर कारण सापडलंही होतं. ऑफिस उघडणाऱ्या, चिठ्ठ्या देणाऱ्या आणि संध्याकाळी कुलूप लावणाऱ्या मावशी. गावातल्याच, सोसायटीत आयुष्य काढलेल्या.

"मावशींच्या हातून काहीतरी दाबलं जातंय," चेअरमन मला बाजूला घेऊन म्हणाले. "वय झालंय. आता आराम करू द्या त्यांना. माझा पुतण्या कॉम्प्युटर शिकलेला आहे. सोमवारी मिटिंगमध्ये ठरवूनच टाकतो."

पुतण्याचं नाव ऐकल्यावर पाणी कुठे मुरतंय ते कळलं. पण मावशींवर खापर फुटायला नको असेल, तर खरं कारण सोमवारच्या आत माझ्या हाती लागायला हवं होतं, आणि मला ते सापडत नव्हतं. मावशी मात्र मला रोज बिनसाखरेचा चहा देत होत्या, मी मागितला नसताना. माझं वजन बघून असावं.

शनिवारी मी ऑफिस बंद होईपर्यंत बसून राहिले. मावशींनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, एकवीरेच्या फोटोला हात जोडले. मग यूपीएसचं बटण बंद केलं, दाराजवळ गेल्या आणि मेन स्विचचा दांडा खटकन खाली ओढला. दोन्ही मशीन जागच्या जागी गप्प.

"मावशी, हे रोज करता?"

"रोज. जुना हापिस जळला तवापासून. शॉर्टसर्किट झाला, गावाची मासळीची जाली आतच होती. त्या दिशी कुलूप मीच लावलेला."

मी कपाळाला हात लावला. पूर्वी एकच कॉम्प्युटर होता, त्यात डेटाबेस आधी उठायचा आणि सॉफ्टवेअर मागून. आता दोन झाले. नवा सर्व्हर वीज अचानक गेली म्हणून सकाळी आधी स्वतःला तपासत बसायचा, आणि जुना कॉम्प्युटर तेवढ्यात उठून त्याला हाक मारायचा. एकदाच. उत्तर आलं नाही की दिवसभर तोंड फुगवून बसायचा.

रविवारी मी जुन्या सॉफ्टवेअरला थोडं थांबून पुन्हा पुन्हा हाक मारायला शिकवलं. सोमवारी सकाळी पहिली चिठ्ठी वेळेत निघाली. मिटिंगमध्ये चेअरमननी विचारलं, "मग चूक कोणाची होती?"

"जुन्या प्रोग्रामची," मी म्हटलं. "समोरचा उठायच्या आत हाक मारून मोकळा होत होता." खोटं त्यात काहीच नव्हतं. मेन स्विचचा विषय मी काढला नाही. पुतण्याचा विषय मग कुणीच काढला नाही, आणि मला मनापासून बरं वाटलं.

संध्याकाळी मी मावशींना सर्व्हर नीट बंद करायचं बटण दाखवलं. आधी हे, मग मेन. त्यांनी तसंच केलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "स्विचचा सांगितला न्हायस ना त्यांना?"

मी चपापले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिशी समजला. नवीन पेटी दिवसभर बरी चालली, नि राती मी स्विच बंद केला तं सकाली बिघाड."

"मग बोलला का नाहीत? काढून टाकणार होते तुम्हाला!"

"बोलली असती तर त्यांनी सांगितला असता, रातचा स्विच चालू ठेव." त्यांनी किल्ली कमरेला खोचली. "नोकरी राहिली असती गो बाय. पन मना घरी झोप आली नसती."